पन्नासच्या पुढचं टिंब

माझ्या डाव्या हाताची करंगळी सकाळी उठल्यावर पाच-दहा मिनिटं सरळ होत नाही. डॉक्टरांनी विचारलं, "हातानं काही जड काम करता का?" मी म्हटलं, "टायपिंग." त्यांना वाटलं, मी चेष्टा करतोय. पण वीस-बावीस वर्षं मी ज्या एडिटरवर काम केलं, त्याच्या निम्म्याहून जास्त आज्ञा कंट्रोलची कळ करंगळीनं दाबून धरल्याशिवाय चालतच नाहीत. लोहाराच्या हाताला घट्टे पडतात, माझी करंगळी गेली. बायकोचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते, करंगळीचं सोडा, आधी डोकं दाखवा.

वाळूजच्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत मी प्रोग्रामर होतो. प्रोग्रामर म्हटलं की लोकांना पुण्यातली काचेची इमारत दिसते. माझ्या खोलीला पत्र्याचं छत होतं आणि मशीन थंड ठेवणाऱ्या तेलकट पाण्याचा, कुलंटचा वास होता. दुचाकीच्या इंजिनाची ॲल्युमिनियमची कव्हरं आमच्याकडं ओतून यायची. त्यांना भोकं पाडायची, कडा सपाट करायच्या. हे काम मशीन आपोआप करतं, पण कुठं जायचं, किती खाली उतरायचं, किती वेगानं, हे त्याला ओळीओळीनं लिहून द्यावं लागतं. उजवीकडं ऐंशी जा, बारा उतर, वर ये. अशा दोन-तीन हजार ओळी. त्या मी लिहायचो. मशीन चालवणारा ऑपरेटर वेगळा. तो कव्हर बांधतो, भोक पाडायचं टूल लावतो, मशीनचं काचेचं दार ओढतो आणि हिरवं बटण दाबतो. माझ्या लिहिण्यात चूक झाली तर माझ्या खुर्चीत काहीच होत नाही, जे व्हायचं ते त्याच्या समोर होतं. हे मला आज कळतं. तेव्हा कळत होतं असं म्हणवत नाही.

आता एडिटरबद्दल. एडिटर म्हणजे लिहायचं साधन, एवढंच. पण माझा एडिटर असा होता की त्याला शिकवता यायचं. ही कळ दाबली की हे कर, फाइल सेव्ह झाली की ते कर, असं आपणच त्याच्या भाषेत लिहून ठेवायचं आणि तो ते इमानदारीनं करत राहायचा. फुकटचा, जुना, काळ्या पडद्याचा. पहिल्या दिवशी मला त्यातून बाहेरच पडता येईना. जी कळ दाबावी तिनं नवीनच काहीतरी उघडायचं. शेवटी वायर ओढली. दुसऱ्या दिवशी चिडून पुन्हा बसलो. त्याचं सहाशे पानांचं मॅन्युअल गुलमंडीजवळच्या एका झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतलं. त्यानं पानं चाळून विचारलं, "वकिलीला बसलात काय?"

आमचं घर मेंढरांचं. वडील वर्षातले सात-आठ महिने कळपामागं पैठणच्या बाजूनं हिंडत. पायाला भिंगरी आमच्या घरात सगळ्यांच्याच. माझं आयटीआय झालं, खुर्ची मिळाली, तेव्हा आईला वाटलं, हा तरी एका जागी बसेल. बसलो खरा, पण भिंगरी बोटांत गेली. चालणारी गोष्ट मला चालू देववत नाही. आज एक आज्ञा लिहायची, उद्या ती मोडून दुसरी. रंग बदल, कळ बदल. कंट्रोलची कळ मी करंगळीच्या सोयीसाठी दुसरीकडं नेली, त्यामुळं माझ्या कॉम्प्युटरवर दुसऱ्या कुणाला साधा अर्जही टाइप करता येईना. एकदा एचआरच्या बाईंनी माझ्या जागी बसून पत्र लिहायला घेतलं. तिसऱ्या शब्दाला अख्खं पत्र गायब. त्या नंतर माझ्या खोलीत कधी आल्या नाहीत. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, तसं माझं चाललेलं असायचं आणि मला त्याचा अभिमान होता.

अभिमान वाटावा असंही काही व्हायचं. चितेगावला हनीफभाई म्हणून एका गृहस्थांचं छोटं वर्कशॉप होतं. एक दिवस ते पेन ड्राइव्ह घेऊन आले. त्यांच्या जुन्या माणसानं सगळे प्रोग्राम एकाच फाइलमध्ये एकाखाली एक लिहून ठेवले होते आणि तो नोकरी सोडून गेला होता.

"सर, सब इसमेंच है," हनीफभाई म्हणाले, "पन कौनसा कहाँ है, मेरेकू समझताच नै."

मी बघितलं. प्रत्येक प्रोग्रामच्या सुरुवातीला त्याचा नंबर असतोच. दहा ओळींची एक आज्ञा लिहिली, जिथं नंबर दिसेल तिथं कापायचं, तोच नंबर नाव म्हणून द्यायचा. कळ दाबली आणि पडद्यावर दोनशेच्या वर फाइली सरसर उभ्या राहिल्या. मी खुर्ची मागं घेऊन हनीफभाईंच्या तोंडाकडं बघितलं. मला वाटलं, आता हे उठून मिठी मारतील.

ते म्हणाले, "इतना जल्दी? कुछ छूटा तो नै?"

आणि त्यांनी त्याच प्रोग्रामांचा जुना प्रिंट काढून समोर ठेवला. दोन दिवस ते माझ्याकडं येऊन बसले, एकेक फाइल उघडायला लावून बोटानं ओळी जुळवत राहिले. एकही ओळ सुटलेली नव्हती. मला मनातून राग आला होता. माझ्या हातावर भरवसा नाही म्हणजे काय? घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "त्यांचं बरोबर हाय. तुमच्या मशीनवर ते थोडंच उभे राहणार हायेत, त्यांच्या मशीनवर राहतील." मी तिच्यावरही रागावलो.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते.

शोभाताई साळवे आमच्या शॉपमधली, म्हणजे मशीनच्या शेडमधली, मशीनवरची पहिली बाई. छावणी भागात राहायच्या, चाळिशीच्या पुढच्या. आल्या होत्या पॅकिंगला. जेवणाच्या सुट्टीत डबा लवकर संपवून मशीनपाशी उभ्या राहायच्या. मग रविवारच्या वर्गाला जाऊन कोर्स केला, परीक्षा दिली, आणि सर्टिफिकेट मॅनेजरच्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "आता सांगा, कुठलं मशीन?" त्यांना सगळ्यात जुनं मिळालं. त्याची मेमरी इतकी थोडी की प्रोग्राम त्यात मावायचाच नाही, माझ्या कॉम्प्युटरवरून एका जुन्या तारेनं ओळीओळीनं पाठवावा लागायचा. त्यामुळं पुढं काय येणार ते ऑपरेटरला आधी नीट बघता येत नसे. म्हणून प्रत्येक वेळी हिरवं बटण दाबायच्या आधी शोभाताई माझ्या खिडकीशी यायच्या.

"जय भीम सर. काही बदललंय का ह्याच्यात?"

बदललं असेल तर त्या पहिलं कव्हर एकेक ओळ थांबवत, बोट बटणावर ठेवून चालवायच्या. नसेल तर सरळ. ही त्यांची पद्धत होती, आणि चांगली होती.

त्या महिन्यात कंत्राटी लोकांपैकी काहींना कायम करायचं ठरत होतं. शोभाताईंचं नाव यादीत होतं, ते मशीनमुळंच. पॅकिंगच्या बाईला कोण कायम करतो? त्या स्वतः काही बोलत नसत, पण शॉपमध्ये सगळ्यांना माहीत होतं की हा महिना त्यांच्यासाठी मोठा आहे.

त्याच महिन्यात मला एका दुपारी काम नव्हतं. त्या जुन्या तारेनं प्रोग्राम सावकाश जायचा, मशीन मध्येच अडखळायचं. म्हणून फार पूर्वी मी एडिटरला शिकवून ठेवलं होतं की फाइल सेव्ह झाली की आकड्यांच्या शेवटची फालतू शून्यं काढून टाक. पन्नास पॉइंट शून्य शून्य शून्य असेल तिथं नुसतं पन्नास आणि टिंब. अक्षरं कमी, तारेवरचं ओझं कमी. हे छान चाललं होतं. पण त्या दुपारी ती टिंबं माझ्या डोळ्यांत खुपायला लागली. पन्नासच्या पुढं नुसतं टिंब कशाला? पुढं तर काही नाहीच. मी आज्ञेत दोन अक्षरं बदलली. टिंबंही जायला लागली. नव्या मशीनवर एक प्रोग्राम चालवून बघितला. उत्तम चालला. मी खुशीत चहाला गेलो.

वाचकांना सांगायला हवं की आमच्या धंद्यात ते टिंब शोभेचं नसतं. नवं मशीन पन्नास म्हटलं की पन्नास मिलिमीटर समजतं. जुनं मशीन टिंब नसलेल्या पन्नासला पन्नास मायक्रॉन समजतं. पन्नास मायक्रॉन म्हणजे डोक्याच्या एका केसाची जाडी. हे मला माहीत नव्हतं का? शिकाऊ पोरालाही माहीत असतं. पहिल्या दिवशी मीच नव्या लोकांना हे शिकवायचो. पण माहीत असणं आणि त्या वेळी आठवणं ह्यात अंतर आहे, आणि मला त्या दुपारी फक्त माझी सुंदर आज्ञा दिसत होती.

दोन दिवसांनी गिऱ्हाइकानं ड्रॉइंगचा नंबर बदलला. माल तोच, माप तेच, फक्त कागदावरचा नंबर नवा. मी जुन्या मशीनचा प्रोग्राम उघडला, वरच्या ओळीत नंबर बदलला, सेव्ह केलं. सेव्ह केलं की एडिटर काय करतो, ते मीच त्याला शिकवलेलं. अर्ध्या सेकंदात अख्ख्या फाइलमधली टिंबं गेली. मी पडद्याकडं बघतही नव्हतो.

शोभाताई खिडकीशी आल्या. "काही बदललंय का सर?"

"काही नाही," मी म्हटलं, "फक्त वरचा नंबर. बिनधास्त चालवा."

टूलनं कव्हरच्या वर पन्नास मिलिमीटरवर येऊन थांबायचं, ते केसाच्या जाडीएवढं अंतर ठेवायला पूर्ण वेगानं खाली निघालं. मध्ये कव्हर घट्ट धरणारा लोखंडी क्लॅम्प होता. आवाज माझ्या खोलीपर्यंत आला. मी धावत गेलो तेव्हा दाराच्या काचेला वरपासून खालपर्यंत तडा गेलेला होता. टूलचा तुकडा काचेवर आदळला होता, बरोबर शोभाताईंच्या तोंडासमोर. त्या लाल बटणावर हात ठेवून तशाच उभ्या होत्या. लागलं काही नव्हतं.

दुपारी चौकशी झाली. मॅनेजर, मशीन जुळवून देणारा सेटर, शोभाताई आणि मी. अशा अपघातात पहिला संशय ऑफसेटवर जातो. टूलची लांबी मोजून ऑपरेटर मशीनमध्ये भरतो तो आकडा. मशीन सोडवायच्या घाईत सेटरनं तो आधीच पुसला होता, त्यामुळं तपासायला काही उरलं नव्हतं.

शोभाताई म्हणाल्या, "ऑफसेट मी दोनदा बघितला. आन् सरांना विचारलं व्हतं, काही बदललंय का म्हणून."

मॅनेजर माझ्याकडं वळले. "विचारलं होतं?"

"हो, विचारलं होतं," मी म्हटलं, "आणि काही बदललेलं नव्हतं. दोन वर्षं चाललेला प्रोग्राम आहे."

मी खोटं बोललो नव्हतो. मला तसंच वाटत होतं. पण फाइल उघडून बघायला एक मिनिट लागलं असतं, आणि एरवी दिवसभर ज्याची बोटं थांबत नाहीत त्या माणसानं ते एक मिनिट दिलं नाही. मॅनेजर म्हणाले, "मग ऑफसेटच." शोभाताईंनी माझ्याकडं बघितलं. मी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं.

आमच्याकडं कँटीनच्या वाटेवर एक फळा आहे. कुठं अपघात झाला, माल वाया गेला, की त्याची कहाणी एका कागदावर लिहून तिथं लावतात. वर फोटो, खाली काय झालं, का झालं, कुणाकडून झालं. हेतू असा की बाकीच्यांनी शिकावं. शिकतात किती ते ठाऊक नाही, पण नाव वाचतात सगळे. दुसऱ्या दिवशी त्यावर फुटलेल्या टूलचा फोटो आणि शोभाताईंचं नाव लागलं. त्यांना मशीनवरून काढून कानस देऊन टेबलावर बसवलं, कव्हरांच्या कडा हातानं घासायला. येता-जाता कुणीतरी म्हणायचंच, "बाईमाणसाला मशीन दिल्यावर दुसरं काय व्हणार?" यादीचं काय होणार, हे सांगायची कुणाला गरजच नव्हती.

चौथ्या दिवशी मला एक जुनं माप हवं होतं. माझा एडिटर प्रत्येक फाइलची आधीची प्रत ठेवतो आणि दोन्ही प्रती शेजारी मांडून, जिथं फरक असेल तिथं लाल रंग दाखवतो. मी त्या कव्हरच्या प्रोग्रामच्या दोन प्रती उघडल्या. एकच ओळ लाल दिसायला हवी होती, वरच्या नंबरची. अख्खा पडदा लाल झाला.

आधी मी काय केलं सांगू? आज्ञेतली ती दोन अक्षरं दुरुस्त केली. माणसाकडं नंतर गेलो, आधी एडिटरकडं. ते झाल्यावर मात्र खुर्चीत बसवेना. उठून पाणी प्यायलो, परत आलो, परत उठलो. शॉपच्या पलीकडं जाऊन उभा राहिलो, तिथून कानशीचा आवाज ऐकू येत होता, म्हणून परत आलो. मनाशी हिशेब मांडले. महिनाभरात विसरतील. मशीन परत देतील. मी सांगितलं तर मी गेलो. दिवस संपेपर्यंत मी कुणाशी बोललो नाही. शिफ्टच्या बसमध्ये शोभाताई दोन सीट पुढं बसल्या होत्या. मी एक स्टॉप आधी उतरून चालत घरी गेलो. त्या दिवसाची मला आजही लाज वाटते, अपघाताच्या दिवसापेक्षा जास्त.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि दार लावून घेतलं.

"गिऱ्हाइकाला आपण लेखी कळवलंय, ऑपरेटरची चूक म्हणून. फाइल बंद झालीये. आता तुम्ही कशाला उकरता? बाईंना आपण नंतर बघू."

"नंतर म्हणजे यादी लागल्यावर?"

मी लेखी जबाब तयारच ठेवला होता. तो त्यांच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर आलो.

तिथून सरळ कानशीच्या टेबलापाशी गेलो. शोभाताई मान खाली घालून कडा घासत होत्या.

"ताई, चूक माझी होती. प्रोग्राममधून टिंबं गेली होती. माझ्यामुळं."

त्यांनी कानस थांबवली नाही. "मला म्हाईत हाय सर."

"कसं?"

"मी माझं काम केलं व्हतं. मशीननं त्याचं केलं. मग ऱ्हायलं कोण?"

"मग तुम्ही चौकशीत बोलल्या का नाही?"

आता त्यांनी वर बघितलं. "बोलले की. सगळ्यांच्या म्होरं बोलले. तुम्ही वहीत लिहीत व्हते."

मी म्हटलं, "मी मॅनेजरना लेखी दिलंय. तुम्हाला मशीन परत मिळेल. मला माफ करा."

"मशीनचं बघू. माफीचं बी बघू," त्या म्हणाल्या. "आधी त्या फळ्यावरचं नाव काढा. माझी पोरगी बारावीला हाय सर. तिची मैत्रीण इथल्या कँटीनवाल्याची पुतणी. कॉलेजात पोरी तिला इचारायला लागल्या, तुझ्या आईनं मशीन फोडलं का म्हणून."

मी खोलीत येऊन कॉम्प्युटरवर फळ्याचा तोच कागद उघडला. फोटो तसाच ठेवला. त्यांचं नाव खोडून माझं टाकलं, कारण लिहिलं. आज्ञा, टिंबं, जुनं मशीन, नवं मशीन, सगळं सविस्तर. आठ-दहा ओळी झाल्या. मनातल्या मनात वाटलं, एवढं लिहायला छाती लागते. कुणाची परवानगी घेतली नाही. कँटीनच्या वाटेवर जाऊन जुना कागद काढला आणि नवा लावणार तेवढ्यात शोभाताई हात पुसत आल्या. जेवणाची सुट्टी झाली होती. आजूबाजूला वीस-पंचवीस माणसं थांबली.

"बघू," त्या म्हणाल्या.

कागद हातात घेतला. प्रोग्राम वाचायच्या तशाच वाचायला लागल्या, एकेका ओळीवर बोट ठेवून, घाई न करता. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. मग पुन्हा वर गेलं आणि परत खाली आलं.

"मी तुम्हाला इचारलं व्हतं," त्या म्हणाल्या, "ते नाय ह्याच्यात."

नव्हतंच. सगळं लिहिलं होतं, तेवढं सोडून. मी मुद्दाम गाळलं नव्हतं असं तेव्हा स्वतःला सांगितलं, आता सांगत नाही.

कागद परत घेऊन मी खोलीत गेलो. शेवटी ओळ टाकली: चालवण्यापूर्वी ऑपरेटरने काही बदलले आहे का असे विचारले होते, प्रोग्रामरने फाइल न बघता 'नाही' असे सांगितले. छापून आणली. माणसं तशीच उभी होती, डबे हातात घेऊन. शोभाताईंनी पुन्हा पहिल्या ओळीपासून बोट ठेवलं आणि पार खालपर्यंत आणलं.

"आता लावा," त्या म्हणाल्या.